जाहीर नोटिसा आणि शेतकऱ्याची जमीन

वर्तमानपत्र हातीं आलें म्हणजे आमचे बहुतेक शेतकरी बंधु प्रथम बाजारभाव पाहतात, मग पावसाचें अनुमान वाचतात, आणि सवड उरल्यास राजकारणाच्या बातम्यांवरून नजर फिरवितात. आंतल्या एखाद्या पानावर बारीक टाइपांत, चौकटीमध्यें, गट नंबरांच्या लांबलचक याद्या छापलेल्या असतात. त्यांकडे सहसा कोणी ढुंकूनही पाहत नाहीं. परंतु ज्याची जमीन त्या यादींत आहे त्याच्यापुरता त्या दिवशींच्या अंकांतील सर्वांत महत्त्वाचा मजकूर तोच होय. हरकत घेण्याची मुदत त्या दिवसापासून, आणि कित्येकदां त्याच्याही आधींपासून, चालू झालेली असते. आणि "आम्हांस कांहीं कळलेंच नाहीं" ही तक्रार पुढें कोणत्याही कचेरींत फारशी चालत नाहीं. म्हणून अशा नोटिसा कोणत्या कायद्याखालीं निघतात, त्या कशा प्रसिद्ध झाल्या पाहिजेत, आणि त्या दिसतांच शेतकऱ्यानें काय करावें, याविषयींची आवश्यक तेवढी माहिती या लेखांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जाहीर नोटीस कशासाठीं?

ज्याच्या हक्कास धक्का लागणार आहे त्यास आधीं कळवावें आणि त्याचें म्हणणें ऐकून घ्यावें, हें न्यायाचें मूलतत्त्व आहे. एकाच माणसाचा प्रश्न असेल तर त्याच्या नांवें नोटीस काढून ती त्याच्या हातीं देतां येते. परंतु एखाद्या धरणाखालीं बारा गांवें जाणार असतील, तर कब्जेदार, वारस, कुळें, हिस्सेदार, गहाणदार अशा सर्वांचीं नांवें सरकारी दप्तरांत बरोबर सांपडतीलच असें नाहीं. अशा ठिकाणीं सर्व जगास उद्देशून नोटीस द्यावी लागते. कायदा असें धरून चालतो कीं, ठरवून दिलेल्या रीतीनें ती प्रसिद्ध झाली म्हणजे सर्व संबंधितांस ती कळली. आपण ती खरोखर वाचली कीं नाहीं, हा प्रश्न त्यानंतर गौण ठरतो. म्हणूनच ती रीत बिनचूक पाळली जाणें हें शेतकऱ्याचें मोठें संरक्षण आहे.

पूर्वीं हें काम दवंडीनें आणि चावडीवर कागद चिकटवून होत असे. १८९४ च्या भूसंपादन कायद्यानें सरकारी गॅझेटांत अधिसूचना छापणें आणि तिचा सारांश त्या टापूंत सोयीच्या ठिकाणीं जाहीर करणें, एवढेंच सांगितलें होतें. हरकत घेण्याचा हक्कही त्यांत मुळांत नव्हता. तो १९२३ च्या दुरुस्तीनें आला. गॅझेट खेड्यांत कोणी वाचीत नाहीं, आणि चावडीवरचा कागद वाऱ्यापावसानें टिकत नाहीं, हा अनुभव असूनही वर्तमानपत्रांत प्रसिद्धि देण्याची सक्ति १९८४ च्या दुरुस्तीपर्यंत झाली नाहीं. त्या दुरुस्तीनें त्या टापूंत खपणाऱ्या दोन दैनिकांत, आणि त्यांपैकीं निदान एका प्रादेशिक भाषेच्या दैनिकांत, अधिसूचना छापणें आवश्यक केलें. तो कायदा आतां राहिला नाहीं. १ जानेवारी २०१४ पासून त्याच्या जागीं २०१३ चा नवा कायदा अमलांत आला आहे.

भूसंपादनाचा २०१३ चा कायदा

या कायद्याच्या ११ व्या कलमाखालीं निघणारी प्रारंभिक अधिसूचना पांच प्रकारें प्रसिद्ध व्हावी लागते : (१) राजपत्रांत, (२) त्या भागांत खपणाऱ्या दोन दैनिक वर्तमानपत्रांत, त्यांपैकीं एक प्रादेशिक भाषेचें, (३) स्थानिक भाषेंत ग्रामपंचायत किंवा नगरपालिका, तसेंच जिल्हाधिकारी, प्रांत व तहसील या कचेऱ्यांत, (४) सरकारच्या संकेतस्थळावर, आणि (५) प्रत्यक्ष बाधित क्षेत्रांत, नियमांत सांगितलेल्या रीतीनें. शिवाय ग्रामसभेची खास बैठक बोलावून तिलाही ही गोष्ट कळवावी लागते.

"त्या भागांत खपणारें" हे शब्द लक्षांत ठेवण्याजोगे आहेत. ज्या दैनिकाची एक प्रतही तालुक्यांत येत नाहीं त्यांत छापून कायद्याचा हेतु साधत नाहीं. तसेंच "प्रादेशिक भाषेचें" म्हणजे महाराष्ट्रांत मराठीचें. दोन्ही इंग्रजी दैनिकांत छापून काम भागणार नाहीं.

अधिसूचनेच्या तारखेपासून तीन गोष्टी घडतात. त्या प्रत्येक खातेदारानें पक्क्या ध्यानांत धराव्या. पहिली, १५ व्या कलमाप्रमाणें साठ दिवसांचे आंत लेखी हरकत घेतां येते. जमिनीचें क्षेत्र व ती योजिलेल्या कामास योग्य आहे कीं नाहीं, संपादनामागील सार्वजनिक प्रयोजन खरें आहे कीं नाहीं, आणि सामाजिक परिणामांच्या पाहणीचे निष्कर्ष, या तीनही बाबींवर ती घेतां येते. आणि हरकतदारास स्वतः किंवा वकिलामार्फत सुनावणीची संधि द्यावी लागते. दुसरी, त्या जमिनीची विक्री, गहाण वगैरे कोणताही व्यवहार जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवांचून करतां येत नाहीं. अधिसूचना न वाचतां ज्यानें मुलीच्या लग्नासाठीं जमीन विकण्याचा करार केला, तो येथेंच अडचणींत सांपडतो. तिसरी, मोबदल्याकरितां बाजारभाव ठरवितांना २६ व्या कलमाप्रमाणें हीच तारीख धरली जाते. पुढें भाव चढले तरी हिशेब त्या दिवसाचाच. मात्र ठराविक मुदतीकरितां बाजारभावावर दरसाल शेंकडा १२ प्रमाणें जादा रक्कम देण्याची तरतूद ३० व्या कलमांत आहे, ती निवाडा पाहतांना तपासून घ्यावी.

अधिसूचना निघाल्यावर दोन महिन्यांत जमिनीच्या नोंदी अद्ययावत करण्याचें काम जिल्हाधिकाऱ्यावर टाकलें आहे. ज्यांच्या सात-बाराच्या उताऱ्यावर अजून मयत वडिलांचें नांव आहे, ज्यांची वाटणी तोंडी झाली आहे, ज्यांची विहीर वा फळझाडें कागदावर नाहींत, त्यांनीं ही संधि दवडूं नये. मोबदला कागदावरच्या नांवास मिळतो, नांगर धरणाऱ्या हातास नव्हे.

यापुढील टप्पा १९ व्या कलमाखालील जाहीरनाम्याचा. तोही वर सांगितलेल्या रीतीनेंच प्रसिद्ध करावा लागतो. प्रारंभिक अधिसूचनेपासून बारा महिन्यांत तो न निघाल्यास अधिसूचना रद्द झाली असें समजलें जातें. मात्र सरकारास कारणें नमूद करून मुदत वाढवितां येते. नंतर २१ व्या कलमाखालीं आपापले हक्क व मागण्या मांडण्यास बोलाविणारी नोटीस निघते. ती संकेतस्थळावर व जमिनीवर किंवा तिच्या जवळ लावली जाते. हजर होण्याची तारीख नोटिशीपासून तीस दिवसांच्या आंतली किंवा सहा महिन्यांच्या पुढची असूं शकत नाहीं.

राष्ट्रीय महामार्गाचा निराळा हिशेब

भूसंपादनाचा कायदा ठाऊक असलेले लोकही येथें फसतात, म्हणून हा भाग अधिक काळजीनें वाचावा. राष्ट्रीय महामार्गासाठीं जमीन घेतली जाते ती १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याखालीं. त्यांत संपादनाचीं सविस्तर कलमें १९९७ सालीं घातलीं गेलीं. मोबदल्याच्या बाबतींत २०१३ च्या कायद्याच्या तरतुदी १ जानेवारी २०१५ पासून येथें लागू झाल्या आहेत. परंतु नोटिशीची व हरकतीची रीत मात्र स्वतंत्र राहिली आहे.

कलम ३-अ खालीं केंद्र सरकार राजपत्रांत अधिसूचना काढतें, आणि सक्षम प्राधिकारी तिचा सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत, त्यांपैकीं एका देशी भाषेच्या पत्रांत, छापवितो. हरकतीची मुदत साठ दिवस नसून केवळ एकवीस दिवस आहे; आणि ती वर्तमानपत्राच्या तारखेपासून नव्हे, तर राजपत्रांतील प्रसिद्धीच्या तारखेपासून मोजावी, असे कायद्याचे शब्द आहेत. राजपत्रानंतर दहा दिवसांनीं गांवांतल्या पत्रांत सारांश छापून आला, तर शेतकऱ्याच्या हातीं अकराच दिवस राहतात. म्हणून अशी नोटीस दिसतांच तिच्यांतील राजपत्राचा क्रमांक व तारीख प्रथम पाहावी, आणि तेथूनच दिवस मोजावे.

पुढें कलम ३-ड खालील जाहीरनामा राजपत्रांत प्रसिद्ध होतांच जमीन सर्व बोज्यांतून मुक्त होऊन केंद्र सरकारकडे जाते. मोबदला ठरण्यापूर्वीं, किंबहुना ताबाही जाण्यापूर्वीं, मालकी गेलेली असते, हें कित्येकांच्या लक्षांत येत नाहीं. त्यानंतर मोबदला ठरविण्याआधीं कलम ३-ग खालीं पुन्हां दोन स्थानिक वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस देऊन सर्व हितसंबंधी इसमांकडून मागण्या मागवाव्या लागतात. पहिली नोटीस हुकलेल्यानें निदान ही दुसरी तरी हुकवूं नये. कारण विहीर, पाइपलाइन, झाडें, गोठा, आणि तुकडा पडून निरुपयोगी होणारी उरलेली जमीन, यांचा हिशेब मांडण्याची जागा हीच.

दिवाणी कोर्टाच्या नोटिसा

वाटणीच्या वा मालकीच्या दाव्यांत प्रतिवादीस समन्स नेहमींच्या रीतीनें बजावतां येत नाहीं, किंवा तो मुद्दाम टाळाटाळ करीत आहे, अशी कोर्टाची खात्री झाल्यास दिवाणी व्यवहार संहितेच्या पांचव्या आदेशांतील विसाव्या नियमाप्रमाणें पर्यायी बजावणीचा हुकूम होतो. वर्तमानपत्रांत जाहिरात देण्याचें कोर्टानें ठरविल्यास तें पत्र दैनिक असलें पाहिजे, आणि प्रतिवादी शेवटीं जेथें राहत होता, धंदा करीत होता किंवा पोटासाठीं काम करीत होता त्या भागांत खपणारें असलें पाहिजे. मुंबईच्या गोदींत वा गिरणींत आयुष्य घालविलेल्या भावावर घाटावरच्या एखाद्या लहानशा पत्रांतून समन्स बजावलें, तर ही अट पाळली गेली कीं नाहीं हें तपासून पाहण्यास जागा आहे.

अशी बजावणी प्रत्यक्ष बजावणीइतकीच परिणामकारक मानली जाते, व प्रतिवादी न आल्यास एकतर्फी हुकूमनामा होतो. तो रद्द करून घेण्याच्या अर्जास तीस दिवसांची मुदत आहे. परंतु १९६३ च्या मुदतीच्या कायद्यांतील १२३ व्या अनुच्छेदास जोडलेलें स्पष्टीकरण असें सांगतें कीं, त्या अनुच्छेदापुरती पर्यायी बजावणी ही योग्य बजावणी समजूं नये. म्हणजे ज्यास केवळ वर्तमानपत्रांतून समन्स झालें, त्याचे तीस दिवस हुकूमनामा समजल्या दिवसापासून मोजले जातात. परगांवीं गेलेल्या हिस्सेदारांस ही सवलत फार मोलाची आहे. मात्र समजल्यावर एक दिवसही आळस करतां कामा नये.

वकिलामार्फतच्या नोटिसा

"अमुक गटाची जमीन आमचे अशील खरेदी करीत आहेत, कोणाचा हक्क असल्यास चौदा दिवसांत कळवावें, अन्यथा हक्क सोडून दिला असें समजण्यांत येईल," अशा नोटिसा दररोज छापून येतात. सातबारावरील एखाद्या बहिणीस वा चुलत्यास त्या वाचून धडकी भरते. ही चौदा दिवसांची मुदत कोणत्याही कायद्यानें घातलेली नाहीं. ती खरेदीदाराच्या वकिलानें घातलेली असते. तेवढ्यांत उत्तर न दिल्यामुळें खऱ्या मालकाचा हक्क आपोआप नष्ट होत नाहीं. वारसाहक्क वर्तमानपत्राच्या चौकटीनें मिळत नाहीं आणि तिनें जातही नाहीं.

परंतु म्हणून स्वस्थ बसावें असा याचा अर्थ नव्हे. मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यांतील ४१ वें कलम दर्शनी मालकाकडून वाजवी चौकशी करून सद्भावानें विकत घेणाऱ्यास कांहीं परिस्थितींत संरक्षण देतें. आणि "आम्हीं जाहीर नोटीस दिली होती, कोणीही पुढें आलें नाहीं" हा खरेदीदाराच्या सचोटीचा पुरावा म्हणून पुढें केला जातो. म्हणून आपला हक्क थोडक्यांत लिहून वकिलास रजिस्टर्ड टपालानें कळवावा, त्याची एक प्रत दुय्यम निबंधकाच्या कचेरींत व एक तलाठ्याकडे द्यावी, आणि पोंच जपून ठेवावी. असें उत्तर मिळाल्यावरही जो खरेदी करतो, त्यास अजाणतेपणाचा बहाणा करतां येत नाहीं.

बँकांच्या नोटिसा व पर्यावरणाच्या सुनावण्या

२००२ च्या सरफेसी कायद्याखालीं बँकेनें तारण मालमत्तेचा ताबा घेतल्यास सात दिवसांचे आंत दोन प्रमुख वर्तमानपत्रांत, त्यांपैकीं एका स्थानिक भाषेच्या पत्रांत, नोटीस छापावी लागते. शेतजमिनीवरील तारणास हा कायदा लागू नाहीं, असें त्याच्या ३१ व्या कलमांत स्पष्ट सांगितलें आहे. तथापि केवळ सरकारी दप्तरांत शेतजमीन असें लिहिलेलें असून भागत नाहीं, ती प्रत्यक्ष शेतीच्या उपयोगांत असली पाहिजे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२३ सालीं म्हटलें आहे. ज्यांनीं पीक सोडून शेतांत गाळे किंवा मंगल कार्यालय उभारलें, त्यांनीं ही सूट आपणांस आहे असें गृहीत धरूं नये.

खाण, मोठा कारखाना, वीजकेंद्र अशा ज्या प्रकल्पांस २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेप्रमाणें जनसुनावणी लागते, तिची नोटीस एका मोठ्या राष्ट्रीय दैनिकांत व एका प्रादेशिक भाषेच्या दैनिकांत निदान तीस दिवस आधीं यावी लागते. जेथें वर्तमानपत्रें पोंचत नाहींत तेथें दवंडी पिटून व आकाशवाणीवरून कळवावें, असेंही त्या अधिसूचनेंत आहे. जुनी दवंडी अजून कायद्यांतून हद्दपार झालेली नाहीं, हें यावरून दिसेल.

जें वर्तमानपत्रांत येत नाहीं

कित्येक महत्त्वाच्या गोष्टी वर्तमानपत्रांत मुळींच येत नाहींत. फेरफाराची नोंद हें त्याचें मुख्य उदाहरण. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १५० व्या कलमाप्रमाणें नोंदीची प्रत चावडीवर लावणें आणि हितसंबंधी इसमांस लेखी कळविणें, एवढेंच तलाठ्यावर बंधन आहे. म्हणून वर्षांतून निदान दोनदां सात-बाराचा उतारा काढून पाहणें, ही संवय पेरणी-कापणीइतकीच अंगवळणीं पाडावी.

नोटीस सदोष असेल तर?

प्रसिद्धीची रीत पाळली गेली नाहीं तर न्यायालयें ती गोष्ट किरकोळ मानीत नाहींत. राजस्थानांतील एका प्रकरणीं, ज्याचा निकाल १९६७ च्या निकालसंग्रहांत आला आहे, सर्वोच्च न्यायालयानें जुन्या कायद्याखालील स्थानिक जाहीर नोटीस सक्तीची ठरविली. महाराष्ट्रांतील एका प्रकरणीं २०१२ सालींही केवळ राजपत्रांतील प्रसिद्धि पुरेशी नाहीं, गांवांतही नोटीस दिली पाहिजे, असा निर्णय झाला.

परंतु दोष सिद्ध झाला म्हणजे जमीन परत मिळतेच असें नाहीं. महामार्गाच्या एका प्रकरणीं २००५ सालीं अधिसूचनेंत जमिनीचें पुरेसें वर्णन नसल्यानें ती सदोष ठरली. तथापि ताबा घेऊन काम पुढें गेलें असल्यामुळें जमीन परत न देतां, ताबा घेतल्याच्या तारखेची किंमत धरून मोबदला देण्याचा हुकूम झाला. यांतून घेण्याचा बोध स्पष्ट आहे : हरकत वेळेवर घ्यावी, रस्ता तयार झाल्यावर घेतलेली हरकत पैशांत फिटते, मातींत नव्हे.

शेतकऱ्यानें काय करावें?

(१) नोटीस दिसतांच वर्तमानपत्राचें तें संपूर्ण पान, पत्राचें नांव व तारीख यांसह, जपून ठेवावें. नुसतें कात्रण काढूं नये. तारखेवांचून तें निरुपयोगी असतें.

(२) नोटीस कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखालीं आहे तें पाहावें. मुदत किती, हें त्यावरून ठरतें.

(३) राजपत्र, वर्तमानपत्र व चावडी यांच्या तारखा निरनिराळ्या असल्यास सर्वांत आधींची तारीख धरून दिवस मोजावे. उशिराच्या तारखेचा युक्तिवाद वकिलासाठीं राखून ठेवावा; त्यावर आपण विसंबूं नये.

(४) गट नंबर, क्षेत्र, नांव व जमिनीचा प्रकार आपल्या उताऱ्याशीं ताडून पाहावा. बागायत जमीन जिरायत म्हणून लागली असल्यास ती चूक तेव्हांच लेखी दाखवावी.

(५) हरकत लेखीच द्यावी. तींत नोटिशीचा क्रमांक, तारीख, आपला गट व हरकतीचीं कारणें क्रमवार लिहावीं, आणि सुनावणीची मागणी स्पष्ट शब्दांत करावी. दुसऱ्या प्रतीवर कचेरीचा शिक्का व तारीख घेतल्यावांचून परत येऊं नये.

(६) परगांवीं असलेल्या हिस्सेदारांस व लग्न होऊन गेलेल्या बहिणींस त्याच दिवशीं कळवावें. एकत्र हरकतीस अधिक वजन येतें, आणि पुढचे घरगुती तंटेही टळतात.

प्रत्येक शेतकऱ्यानें दररोज दोन दैनिकें विकत घ्यावीं, हें सांगणें व्यवहार्य नाहीं. परंतु गांवच्या सोसायटीस तें अवघड नाहीं. सोसायटीच्या कचेरींत तालुक्यांत खपणारीं दोन मराठी दैनिकें यावीं. एखाद्या शिकलेल्या तरुणानें त्यांतील जाहीर नोटिसांचें पान रोज पाहावें. आपल्या शिवारांतील गट नंबर आढळल्यास तो फळ्यावर लिहावा, संबंधितांच्या घरीं निरोप धाडावा, आणि तें पान तारखेवार लावून ठेवावें. आठवड्यांतून एकदां राजपत्राचें संकेतस्थळही उघडून पाहावें. एवढ्या कामास दिवसाकाठीं पाव तासही लागणार नाहीं. कायद्यानें नोटीस छापण्याची व्यवस्था केली आहे. ती वाचण्याची व्यवस्था करणें हें आपल्याकडे आहे. ज्या सोसायट्या या खरीप हंगामापासून हा उपक्रम सुरू करतील, त्यांनीं आपला अनुभव आम्हांस अवश्य कळवावा. इतर गांवांच्या उपयोगासाठीं तो आम्ही आनंदानें प्रसिद्ध करूं.